चित्राच्या शाळेची तपासणी

माझी सून चित्रा फार सरळ आहे, असं सगळे सांगतात. मी मात्र तिच्यावर पहिला संशय घेतला तो फोनवरच. मी संगमनेरला, ती सिडनीला. म्हणाली, "आई, ओवीला शाळेतून काढलं. आता मीच घरी शिकवणार. प्रभूनं तसं मनात घातलंय."

आता प्रभू मनात घालतो हे मला कोणी सांगायला नको. आमच्या घरात तीन पिढ्या ख्रिस्ती आहेत. पण प्रभू काही मनात घालतो तेव्हा त्याला काहीतरी कारण असतं, आणि हिने कारण सांगितलं नाही. मी मिशनच्या शाळेत उभा जन्म तिसरी-चौथीला शिकवलंय. मूल शाळेतून काढण्याची कारणं मला तोंडपाठ आहेत. शेतावर काम असतं, बाप पितो, नाहीतर पोरीचं लग्न ठरतं. यातलं काही माझ्या राजीवच्या घरात नव्हतं. सिडनीतल्या स्कोफिल्ड्सला नवंकोरं घर, राजीव सॉफ्टवेअरमध्ये, चित्राही पुण्याची इंजिनियर. एकुलती एक नात, नऊ वर्षांची. मग शाळा का सोडवली? कुठेतरी पाणी मुरत होतं.

राजीवला विचारलं तर तो म्हणाला, "आई, इकडे खूप लोक करतात होमस्कूलिंग. नो वरीज." माझा मुलगा 'नो वरीज' म्हणाला की समजावं, काळजीचंच काहीतरी आहे. मी तिकीट काढायला लावलं आणि मे महिन्यात येऊन थडकले.

आल्या दिवसापासून मी डोळे उघडे ठेवले. चित्रा सडपातळ, केसांना एक क्लिप, अंगात राजीवचा जुना टीशर्ट. चहात साखर नाही, बोलण्यातही बेताचीच. पुण्यात असताना ती टेस्टर होती, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. असल्या बाईने चांगली नोकरी सोडून डायनिंग टेबलावर शाळा मांडलेली. सकाळी साडेआठला दोघी मायलेकी प्रार्थना करणार, एक गाणं म्हणणार आणि मग शाळा सुरू.

शाळा म्हणजे काय विचारता! पहिल्याच आठवड्यात बघते तर दोघी दोरी घेऊन रस्त्यावर. ओवी कोपरापासून बोटांपर्यंत हात टेकवत फुटपाथवर रांगतेय आणि चित्रा मोजतेय. नोहाचं तारू किती लांब होतं ते शास्त्रात, म्हणजे बायबलात, हातांत दिलंय ना, ते मोजत होत्या. आमच्या पत्रपेटीपासून निघाल्या त्या पार कोपऱ्यावरच्या पंजाब्याच्या घरापर्यंत गेल्या. तो बिचारा नळी घेऊन गवताला पाणी घालत होता. "क्या ढूँढ रहे हो भाभीजी?" म्हणाला. चित्रा म्हणाली, "जहाज." त्याने नळी बंद केली आणि आत गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अपूर्णांक शिकवायचे तर पाच भाकरी आणि दोन मासळ्या. पक्षी शिकवायचे तर कुंपणावर बसलेले पांढरे काकाकुवे आणि सृष्टीचा पाचवा दिवस, देवाने पाखरं केली तो. त्या भाकऱ्या मीच थापून दिल्या, हेही सांगते. ओवी हुशार, तोंडी विचाराल ते फडाफड सांगायची. हाताचं माप माणसागणिक का बदलतं, बाबाच्या हाताने मोजलं तर तारू केवढं भरेल, तिला सगळं कळायचं. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. एवढ्या सगळ्या शाळेत वाचून दाखवायची ती चित्रा. पोरीच्या हातात पुस्तक म्हणून मला दिसेना. मी खोलीत गेले की पुस्तक मिटायचं. दोघी ताकास तूर लागू देत नव्हत्या.

मला आधी वाटलं, ही कुठल्यातरी पंथात शिरली. दर गुरुवारी दोघी शेजारच्या क्वेकर्स हिल नावाच्या वस्तीत एका चर्चच्या हॉलमध्ये जायच्या. तिथे घरी शिकवणाऱ्या बाया जमतात म्हणे. म्हटलं, बघू तरी कसला मेळावा आहे. गेले एकदा बरोबर. सहा-सात गोऱ्या बाया, दोन केरळच्या, पोरं मेणबत्त्या बनवतायत आणि बाया मफिन खातायत. एकीने मला मिठीच मारली. मी त्यांची प्रार्थना कान देऊन ऐकली. खोट काढण्यासारखं काही नव्हतं, पण म्हणून माझा संशय गेला असं नाही.

तो खरा ठरला एका संध्याकाळी. जेवणाआधी आमची घरची प्रार्थना असते. शास्त्र हातोहात फिरवायचं आणि प्रत्येकाने एकेक वचन वाचायचं, ही आमच्या सासऱ्यांपासूनची पद्धत. ओवीची पाळी आली की तिला चित्रा तिच्या इंग्रजी शास्त्रातून नेमकं मेंढपाळाचं स्तोत्र काढून द्यायची. पोरगी इंग्रजीतून अशी वाचायची की ऐकत राहावं. रविवारी मराठी उपासनेतही सोनेरी वचन म्हणण्याचं बक्षीस तिचंच. त्या दिवशी मी मुद्दाम पुढची पानं उलटून पुस्तक तिच्या हातात दिलं. ओवीने बोट ठेवलं आणि सुरू झाली, अडखळणं नाही की थांबणं नाही. मी वाकून पाहिलं. बोट होतं वंशावळीवर, अमक्याचा मुलगा तमका, आणि तोंडात होता मेंढपाळ.

राजीव डोळे मिटून बसलेला. पण चित्राने मान खाली घातली. म्हणजे तिला ठाऊक होतं.

भांडी घासताना मी तिला धरलं. "पोरीला वाचता येत नाही."

"नाही येत," ती म्हणाली. सरळच म्हणाली.

"आणि तू हे माझ्यापासून लपवलंस? मी शिक्षिका असताना?"

"तुम्ही शिक्षिका आहात म्हणूनच, आई. तुम्ही लगेच तिला घेऊन बसला असतात."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण मग तिने सगळं सांगितलं. ओवीला डिस्लेक्सिया आहे. अक्षरं ओळखते, पण शब्द होताना ती तिच्या हातातून निसटतात. शाळेत एकदा मोठ्याने वाचायला उभी केली, पोरं हसली. तेव्हापासून रोज सकाळी शाळेच्या फाटकापाशी ओकायची. शेवटी शेवटी तर शाळेत तोंडच उघडेना. बाई म्हणायच्या, तुमची मुलगी शांत आहे. "आमची ओवी शांत!" चित्रा म्हणाली आणि साबणाच्या हाताने डोळे पुसायला गेली, मी हात धरला.

"मग ती वचनं?"

"पाठांतर ही तिची काठी आहे, आई. ती मी काढून घेणार नाही. जे पाठ आहे त्याच्यावरच मी तिला एकेक आवाज शोधायला लावते. रोज थोडं. पण काठीला पाय म्हणायचं नाही, एवढंच. पाठ म्हणते तेव्हा पाठ म्हणायचं, वाचते तेव्हा वाचन म्हणायचं. घरातला नियम आहे."

ऐकायला छान वाटलं. पण माझं मन काही भरलं नाही. डॉक्टरांना हल्ली प्रत्येक गोष्टीला एक नाव लागतं. आमच्याकडे कच्ची मुलं यायची, आम्ही घोकून घ्यायचो, आणि ती पास व्हायची. मला वाटलं, ही लेकीला फाजील जपतेय आणि त्याला देवाचं नाव देतेय.

त्यातच ऑगस्ट आला. राजीवने जेवताना सांगितलं की घरी शिकवायचं तर इथे सरकारी नोंदणी लागते, तिची मुदत संपत आलीय, आणि बुधवारी खात्याची बाई घरी बघायला येणार आहे. मुलगी काय शिकते, पुढे जाते की नाही, हे ती पाहणार. तिचं समाधान झालं नाही तर नोंदणी पुढे चालू नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग शाळा," राजीव म्हणाला. ओवीच्या हातातला घास तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या खोलीत आली, माझ्या पलंगावर चढली आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आजी, इफ द लेडी सेज नो, आय हॅव टू गो बॅक." मी म्हटलं, काही जायचं नाही. तर म्हणाली, "माय टमी हर्ट्स." नऊ वर्षांची पोर, पोट धरून पडलेली. मला असं भडभडून आलं की विचारू नका. आणि चित्राचा तेवढाच राग आला. कारण त्या बाईला काय दाखवणार असं मी तिला विचारलं होतं, तर ती म्हणाली, "जे आहे ते दाखवायचं."

जे आहे ते! तपासणीच्या दिवशी जे आहे ते दाखवतात का कधी? अहो, झाकली मूठ सव्वा लाखाची. आमच्या शाळेत साहेब तपासणीला यायचे तेव्हा भिंतींना रंग, पोरांना तेल, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे हात. प्रश्न विचारला की आख्ख्या वर्गाने हात वर करायचा. ज्याला उत्तर येतं त्याने उजवा, ज्याला येत नाही त्याने डावा. साहेब खूश, आम्ही खूश, पोरंही खूश. एका वर्षी तर साहेबांनी वहीत शेरा लिहिला होता, वर्ग विशेष तयार. चित्राला असली तयारी ठाऊक असणं शक्यच नव्हतं, ती पुण्याच्या कॉन्व्हेंटमधली. उलट ही बया आपल्याच तोंडाने सगळं सांगून मोकळी होणार, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, अशी माझी खात्री झाली.

टेबलावर चित्राने ओवीचं एक गोष्टीचं पुस्तक बुधवारसाठी काढून ठेवलं होतं. वॉम्बॅट म्हणून इथे एक जाडा, बिळात राहणारा प्राणी असतो, त्याची गोष्ट. सोमवारी दुपारी चित्रा सामान आणायला गेली तसं मी ओवीला जवळ घेतलं आणि तिसरं पान तिच्याकडून करून घेतलं. मी म्हणायचं, तिने म्हणायचं. पोरीची स्मरणशक्ती काय सांगू, चहा उकळेपर्यंत पान पाठ. बोट कसं सरकवायचं ते दाखवलं. आणि माझी खास गोष्ट सांगितली. "बाळा, एकदा मध्येच अडखळायचं. म्हणजे खरं वाटतं."

"बट आजी, ममाज रूल..." ती म्हणाली.

"ममाला आपण सरप्राइज देऊ," मी म्हटलं.

बुधवारी ती बाई आली. रॉबिन तिचं नाव. साठीची, पायात सपाट बूट, सोबत स्वतःची पाण्याची बाटली. मी तिला चहा दिला, तिने "लव्हली" म्हटलं आणि प्यायली नाही. मी तिथेच एका बाजूला बसून राहिले, उठून जाईन कशाला! चित्राने ओवीची चित्रं दाखवली, रस्ता मोजतानाचे फोटो दाखवले, भाकरीच्या तुकड्यांचं गणित दाखवलं. रॉबिन विचारत होती, शास्त्र शिकवता तसं बाकीचंही वेळापत्रकाप्रमाणे होतं ना? चित्रा सांगत होती. मग रॉबिनने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "अँड रीडिंग?"

चित्राने श्वास घेतला. मला कळलं, आता ही सांगणार. मी ओवीकडे पाहिलं. आणि ओवी माझी गुणाची, लगेच म्हणाली, "कॅन आय रीड?" पुस्तक उघडलं, तिसरं पान काढलं, बोट ठेवलं आणि सुरू झाली.

चित्राचा चेहरा असा उजळला! दोन्ही हात तोंडावर गेले तिचे. मी मनात म्हटलं, बघ, आहे की नाही सासूचा उपयोग.

दोन ओळी झाल्या. 'अंडरग्राउंड' हा एवढा मोठा शब्द ओवी सहज म्हणून गेली. पुढच्या ओळीत 'अँड' आला तिथे थांबली. "अ... अँ..." असं केलं, माझ्याकडे चोरून पाहिलं, आणि "अँड" म्हणून पुढे निघाली.

चित्राचे हात खाली आले. सांगितलं ना, चुका शोधायचा पगार घेत होती ती. जी मुलगी 'अंडरग्राउंड' घडाघडा वाचते ती 'अँड'ला अडते?

"स्टॉप, बेटा," ती म्हणाली. मग रॉबिनकडे वळून इंग्रजीत म्हणाली, "माफ करा. हे वाचन नाही. तिने हे पाठ केलंय."

अगं बाई, बाई! आपल्या हाताने आपलं घर पेटवतेय ही! चित्रा ओवीसमोर गुडघ्यावर बसली आणि मराठीत विचारलं, "कुणी शिकवलं?"

ओवी म्हणाली, "नोबडी. मीच केलं."

"तूच?"

"हो. बाय मायसेल्फ." आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

मी त्या पोरीकडे पाहत राहिले. दोन दिवसांपूर्वी तिला खोटं बोलता येत नव्हतं. अडखळायचंसुद्धा मला शिकवावं लागलं होतं. आणि आता मला वाचवायला ती आईच्या डोळ्यांत डोळे घालून, न अडखळता खोटं बोलत होती. हे मी शिकवलेलं नव्हतं, तिचं तिनेच पुढचं पान काढलं होतं. मला खुर्चीवर बसवेना. मी उठले आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत रॉबिनला म्हटलं, "मी. आय टीच. शी इज गुड गर्ल. आय टीच राँग."

रॉबिनने माझ्याकडे पाहिलं, मग चित्राकडे. चित्रा माझ्याकडे बघतही नव्हती. तिने पुस्तकाचं पान उलटलं, चौथं पान, जे मी करून घेतलं नव्हतं. म्हणाली, "ओवी, एक ओळ. आपण करतो तशी. नाही आली तर नाही." आणि रॉबिनला म्हणाली, "तिला वेळ लागेल. पण हे तिचं असेल."

काय सांगू तुम्हाला तो वेळ! ओवी टेबलावर बोटाने अक्षर काढायची, आवाज करायची, पुसायची, पुन्हा करायची. कपाळावर घाम. एक शब्द चुकला, मागे गेली, सुधारला. एवढी एक ओळ, बीळ त्या वॉम्बॅटचं नव्हतं एवढंच त्यात होतं, पण मला वाटलं आता ही पडेल. शेवटचा शब्द झाला तसं तिने पुस्तक मिटलं आणि टॉयलेटकडे धावली. पण ती ओकली नाही, नुसती हात धुऊन आली.

रॉबिनने बराच वेळ लिहिलं. जाताना दारात म्हणाली की वाचनासाठी खास शिकवणारी व्यक्ती जोडा, आठवड्याला काय केलं ते ठेवत जा. पंधरा दिवसांनी ईमेल आलं. नोंदणी एका वर्षासाठी चालू. ओवी सोफ्यावर उड्या मारत सुटली.

पण ते नंतर. त्या दुपारी रॉबिन गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. चित्रा कप विसळत होती. मी तयारी करूनच गेले होते. ती बोलली तर मीही बोलणार होते, की तू सगळं धोक्यात घातलंस, मी निदान काहीतरी केलं. ती तडकली असती तर बरं झालं असतं. ती पाठमोरीच म्हणाली, "आई, मला खरंच वाटलं."

"काय वाटलं?"

"की तिला यायला लागलं. पहिल्या दोन ओळींना. मी वर्षभर रोज हेच मागतेय. मला वाटलं, दिलं प्रभूनं. मी मनात आभारसुद्धा मानले." तिने नळ बंद केला. "दोन ओळी, आई."

मी टॉवेल घेतला आणि कप पुसत बसले.

त्यानंतर ती माझ्याशी वाईट वागली असं नाही. गरम पोळी पहिली मलाच वाढते. "आई, तुम्ही" यात काडीचा फरक नाही. फक्त ओवी माझ्या खोलीत असली की दार उघडं राहतं. कधी ती धुतलेले कपडे ठेवायला येते, कधी चष्मा शोधायला. टेबलावर आता पुस्तकं नसतात, कपाटात असतात.

गेल्या आठवड्यात आम्ही तिघी मागच्या तळ्याकडे फिरायला गेलो. इथे सध्या वसंत आहे, मॅगपाय नावाचे काळेपांढरे पक्षी अंडी घालतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्यावर झडप घालतात. पायवाटेवर नगरपालिकेने त्याचा इशारा देणारा पिवळा बोर्ड लावलाय. ओवी पुढे पळत होती, ती त्याच्यासमोर थांबली. बोट नाही, काही नाही. नुसती मान वर करून, सावकाश, तुकड्या-तुकड्याने म्हणाली, "वॉर्-निंग. स्वू-पिंग... बर्ड्स."

मी चित्राकडे पाहिलं. ती ओवीकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"आई, हा बोर्ड तुम्ही तिला आधी..."

"नाही गं," मी म्हटलं. "मी आजच पाहतेय. खरंच."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मीही तिच्याकडे. तेवढ्यात ओवीने खालची ओळ वाचली, आणि ती आम्ही दोघींनीही ऐकली नाही.